दिल मांगे तेराशे!

मे महिन्यातला रविवार, दुपारचे साडेबारा, दौलताबादच्या पुढचा घाट. एसी फुल, गाणी फुल, गाडीत चार जण आणि वेरूळला जाऊन थाळी हाणायचा प्लॅन. आणि टेम्परेचरचा काटा? तो केव्हाच लाल पट्टीत जाऊन बसलेला. मला दिसला तेव्हा बॉनेटमधून वाफ यायला लागली होती.

आता खरं सांगते, चूक सगळी माझी. कूलंट कमी होतंय हे मला तीन आठवड्यांपासून माहीत होतं. रोज सकाळी ‘आज बघते’ म्हणायचं आणि नऊच्या मीटिंगसाठी वाळूजला पळायचं. बावीस वर्षांच्या गाडीनं तीन आठवडे कळ काढली, चौथ्या आठवड्यात हात टेकले.

गाडी म्हणजे बाबांची 2003 ची झेन. सिल्व्हर, एमएच-20, विद्यापीठाच्या रस्त्यावर मी जिच्यावर क्लच सोडायला शिकले ती. टोचन करून गॅरेजला आणली. उस्तादनं हेड उघडलं, स्टीलची पट्टी आडवी ठेवून प्रकाश बघितला आणि मान हलवली. हेड वाकलेलं, रिंगा गेलेल्या, एका सिलिंडरला ओरखडे. थोडक्यात काय, तर इंजिन बसलं.

‘आता काय?’ या प्रश्नाचं उत्तर घेऊन दुसऱ्याच दिवशी ऑफिसातला एक मित्र कॅन्टीनमध्ये समोर बसला. गाडीवेडा माणूस. म्हणाला, ‘अगं, चान्स आहे! एस्टीमचं तेराशेचं इंजिन टाक. डायरेक्ट बसतं. रॉकेट होईल रॉकेट!’

आणि मंडळी, माझा त्या रात्रीचा झोपेचा कार्यक्रम रद्द झाला.

रॉकेटचं गणित

मित्र हवेत बोलत नव्हता, हे आधी मान्य करू. झेनचं 993 सीसी आणि एस्टीमचं 1298 सीसी ही सुझुकीच्या एकाच ‘जी’ घराण्यातली इंजिनं. दोन्ही गाड्यांत इंजिन आडवं बसतं, ताकद पुढच्या चाकांना जाते. याच घराण्यातला सोळाशेचा थोरला भाऊ जुन्या बलेनोत होता. त्यामुळे झेनमध्ये तेराशे बसवायचं वेड आपल्याकडे जुनं आहे.

आता कागद घ्या. झेनची ताकद साधारण 60 हॉर्सपॉवर, वजन 760 किलोच्या आसपास. म्हणजे टनाला 79. एस्टीमचं शेवटचं एमपीएफआय इंजिन 85 हॉर्सपॉवरचं. झेनमध्ये ते बसवलं आणि वजनात 30 किलो वाढ धरली, तरी टनाला 107! खुद्द एस्टीम पावणेनऊशे किलोची, म्हणजे तिचा आकडा 97. थोडक्यात, इंजिन जिचं, तिलाच आपण जालना रोडच्या सिग्नलवर मागे टाकणार. असा हिशेब रात्री दोन वाजता डोक्यात आला की माणूस उठून पाणी पितो.

हे तर घराघरांत चालतं!

बरं, दुसऱ्याचं इंजिन आपल्या गाडीत घालणं यात आपल्याला नवीन काहीच नाही. आपल्या देशाचं अर्धं मोटार-पुराण त्यावरच उभं आहे.

मुंबईच्या प्रीमियरनं 1985 मध्ये 118 एनई काढली. अंग फियाट 124 चं, इंजिन 1171 सीसीचं निसानचं, गिअरबॉक्सही निसानचा. ‘एनई’ म्हणजे निसान इंजिन, नावातच कबुली! त्याच प्रीमियरनं पुढे पद्मिनीत इटलीचं डिझेल इंजिन घालून 137 डी विकली. कॉन्टेसा आठवते? थाट अमेरिकन आणि आत अँबॅसडरचं दीड लिटरचं म्हातारं इंजिन. पुढे तिला इसुझूचं 1.8 लिटर मिळालं आणि बाई खरंच पळायला लागल्या. महिंद्रानं 1979 मध्ये प्यूजोशी करार केला आणि जीपला डिझेल इंजिन आलं. मराठवाड्यातल्या काळ्या-पिवळ्या जीपा ज्या डिझेलवर धावल्या, त्यामागे हीच वाट होती.

आणि अलीकडचं उदाहरण हवं तर फियाटचं 1248 सीसीचं मल्टिजेट डिझेल. मारुतीच्या स्विफ्टमध्ये तेच, टाटाच्या व्हिस्टात तेच, फियाटच्या स्वतःच्या पुंटोत तर होतंच. 2020 मध्ये बीएस-6 आलं तोवर निम्म्या पार्किंगमध्ये एकच इंजिन वेगवेगळे शर्ट घालून उभं होतं. आपल्या शेंद्र्यातही स्कोडा आणि ऑडी शेजारीशेजारी जुळल्या आणि दोन लिटरचं तेच टीडीआय दोन्हीकडे गेलं.

मग कंपनी करते ते आपण केलं तर काय बिघडतं?

बिघडतं एवढंच की कंपनीकडे त्यामागे एक हिशेब असतो आणि आपल्याकडे एक मित्र असतो.

पैसे कुठे वसूल होतात?

नीट बघा. जीपला डिझेल, पद्मिनीला डिझेल, नंतर टॅक्सीला सीएनजी. या सगळ्या बदलांमागे एकच कारण होतं : किलोमीटरमागे वाचणारे पैसे. हा हिशेब पाचवीतल्या पोराला जमेल. समजा, बदलाला 60 हजार लागले आणि किलोमीटरमागे 3 रुपये वाचले, तर 20 हजार किलोमीटरनंतर पैसे वसूल. रोज दीडशे किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीला हे साडेचार महिन्यांत जमतं. महिन्याला 400 किलोमीटर फिरणाऱ्या आपल्या घरच्या गाडीला चार वर्षांहून जास्त लागतात.

आता तेराशेचं इंजिन घ्या. ते पेट्रोलवरच चालणार आणि उजवा पाय मोकळा सोडला तर जास्तच पिणार. म्हणजे किलोमीटरमागे वाचवणं सोडा, वाढतंच. वसुलीचा दिवस कधी? कधीच नाही! तुम्ही मजा विकत घेताय. मजेला माझी ना नाही. पण मग तिला ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणू नका. आणि ‘इंजिन नाहीतरी गेलंच होतं, मग थोडे जास्त घातले’ असंही म्हणू नका. ते ‘थोडे’ किती, ते आता सांगते.

कागदावरचा तेराशे

मी तीन रकाने आखले. आकडे आमच्या चौकशीतले, तुमचे वेगळे येतील. पण त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं बहुतेक असंच राहील.

पहिला रकाना : आहे तेच इंजिन बांधायचं. बोअरिंग, ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा, हेडला फेस मारणं, व्हॉल्व्ह, बेअरिंग, गॅस्केट किट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, मजुरी. एकूण 38 हजार.

दुसरा रकाना : दुसऱ्या झेनचं जुनं, तसंच इंजिन. इंजिन 22 हजार, चढव-उतरव 8 हजार, क्लच आणि बेल्ट 7 हजार. एकूण 37 हजार. पण हे इंजिन आधीच्या मालकानं कसं वापरलं, त्यालाही माझ्यासारखीच नऊची मीटिंग होती का, हे कोण सांगणार?

तिसरा रकाना : तेराशे. इंजिन, गिअरबॉक्स, ईसीएम आणि वायरिंग असा पूर्ण सेट 45 हजार. बाहेरून आणायचा खर्च 5 हजार. माउंटिंग आणि ड्राइव्हशाफ्टची जुळवाजुळव 12. मोठा रेडिएटर आणि फॅन 7. सायलेन्सरची लाइन 8. क्लच 6. ब्रेक पॅड, पुढच्या स्प्रिंग आणि शॉकअब 14. मजुरी आणि वायरमनचे 20. बेरीज 1 लाख 17 हजार. त्यावर ‘अजून काहीतरी निघेलच’ या नावाखाली 10 टक्के धरा. 1 लाख 28 हजार 700.

आणि गाडीची किंमत? जुन्या गाड्यांच्या एका डीलरनं चांगल्या मूडमध्ये 55 हजार सांगितली. इंजिन बसलंय हे त्याला सांगितलंच नव्हतं.

यात एक गंमत बघा. ज्या इंजिनावरून एवढी चर्चा, त्याचा पूर्ण सेट घेऊनही खर्च निम्म्याच्या आत. बाकीचे पैसे त्या इंजिनाच्या नातेवाइकांचे! लग्न एकाशी होतं, घरात सगळं खानदान येतं. ताकद वाढली की उष्णता वाढते, म्हणून रेडिएटर मोठा. इथं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तिथं काटकसर केली तर पुन्हा दौलताबादचा घाट आहेच. पुढचं वजन वाढलं म्हणून स्प्रिंग. वेग वाढला म्हणून ब्रेक. झेनचा गिअरबॉक्स झेनच्या ताकदीसाठी केलेला, म्हणून तोही बदला. यातलं काही ‘नंतर बघू’ म्हणून सोडलं की गाडी पळते मस्त, थांबायचं मात्र तिच्या मनावर.

‘कागज पे कैसा बैठाएंगे?’

तरीही मी जवळजवळ तयार होते. खरंच! बोनस यायचा होता, आणि 2010 मध्ये एका झटक्यात दीडशेच्या आसपास मर्सिडीज बुक करणाऱ्या गावात राहते मी. सव्वा लाखाची हौस म्हणजे काय फार नाही, असं मनाला सांगून झालं होतं.

उस्तादकडे गेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाला, ‘मॅडम, इंजिन तो बैठ जाएंगा. कागज पे कैसा बैठाएंगे?’

ही ओळ मी फ्रेम करून लावणार आहे.

कारण गाडी दोन ठिकाणी असते. एक रस्त्यावर, दुसरी आरसीवर. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की गाडीत असा बदल करायचा नाही, ज्यामुळे आरसीवरचे तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत. 9 जानेवारी 2019 ला सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका प्रकरणात हीच गोष्ट ठासून सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम 182-अ मध्ये शिक्षाही आली : मालकानं परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

मग इंजिन बदलताच येत नाही का? येतं. तुमच्याच मॉडेलचं, तशाच तपशिलाचं इंजिन असेल, तर आधी आरटीओची परवानगी घ्यायची, इंजिनाच्या खरेदीचं बिल आणि ते कुठल्या गाडीतून आलं त्याचे कागद जोडायचे आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यायचा. बिल नसलेलं स्वस्त इंजिन मिळालं तर खूश होऊ नका. ते चोरीच्या गाडीतलं निघालं तर पोलिसांना उत्तर तुम्ही देणार, भंगारवाला नाही. इंधन बदलायचं असेल तर त्यालाही कायद्यात जागा आहे, पण मान्यताप्राप्त किट आणि अधिकृत सेंटरमधूनच. इलेक्ट्रिकचंही तेच : पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेनं तुमच्या मॉडेलसाठी पास केलेलं किट असेल तरच बोला. 993 सीसीच्या जागी 1298 सीसी मात्र यातल्या कुठल्याच दारातून आत जात नाही.

‘अगं, कोण बघतंय बॉनेट उघडून?’ मित्राचा पुढचा डायलॉग. बघतात! पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी असते. तिथं इन्स्पेक्टर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर ताडून बघतो. आमच्या झेनची पुढची वारी 2028 मध्ये. आणि ही वारी आता स्वस्तही नाही. कारच्या फेरनोंदणीची फी 2022 मध्ये 600 रुपयांवरून 5 हजार झाली आणि 20 वर्षांवरच्या कारसाठी 2025 मध्ये 10 हजार. सव्वा लाख घालून केलेलं रॉकेट तिथं अडकलं, तर पुन्हा जुनं इंजिन शोधत फिरायचं!

बाबांचा एकच प्रश्न

घरी आले, बाबांना तिन्ही रकाने दाखवले. बाबांनी आयुष्यभर कारखान्यात क्वालिटीचं काम केलं, त्यामुळे आकडे त्यांनी दोनदा तपासले. बेरीज बरोबर निघाली. मग चष्मा काढून म्हणाले, ‘उद्या कुणाला धक्का लागला, तर विमावाला कुठला नंबर बघेल?’

मी गप्प.

विम्याच्या कागदावर इंजिन नंबर असतो, सीसी असते. थर्ड पार्टीचा हप्ताच सीसीवर ठरतो. 2022 मध्ये ठरलेले दर बघा : हजार सीसीपर्यंत 2,094 रुपये, हजार ते दीड हजार सीसीला 3,416. म्हणजे मी 993 चा हप्ता भरणार आणि 1298 चालवणार. हे 1,322 रुपये वाचवणं नाही, विमा कंपनीच्या हातात क्लेम नाकारायचं आयतं कारण देणं आहे. गाडीचं नुकसान गेलं तर गेलं. पण सिग्नलवर एखाद्याचा पाय मोडला आणि कोर्टात निघालं की गाडीच कागदावरची नाही, तर? ती भरपाई बोनसमधून होत नाही. ती घर विकून होते.

बाबा एवढंच म्हणाले, ‘गाडी तुझ्या नावावर करून देतो म्हटलं होतं. आता नको वाटतं. गाडी माझ्या नावावर आहे तोवर प्रश्न मला विचारतील. मला उत्तर देता आलं पाहिजे.’

रागावले असते तर मी भांडले असते. ते रागावलेच नाहीत, म्हणून पंचाईत.

मग केलं काय?

पहिला रकाना. 38 हजार. आणि इथं मला आपल्या गावाचा खरा फायदा कळला. हे इंजिनांचं आणि सुट्या भागांचं शहर आहे, यार! बजाजचा वाळूजचा कारखाना 1985 पासून चालू आहे. ग्रीव्हजची छोटी डिझेल इंजिनं इथं बनली. एन्ड्युरन्स, व्हेरॉक वाळूजमधूनच वाढल्या. सिलिंडरचा बोअर मोजताना मायक्रॉनमध्ये बोलणारी माणसं इथं चहाच्या टपरीवर भेटतात. अशा गावात राहून कुणाचं तरी अनोळखी इंजिन आणायचं, आणि आपलं, ज्याची पूर्ण हिस्टरी माहीत आहे ते, भंगारात द्यायचं?

बोअरिंगच्या दिवशी बाबा माझ्यासोबत आले. स्वतःचा बोअर गेज घेऊन! मशीनवाल्यानं आधी नाक मुरडलं, मग दोघांची अशी गट्टी जमली की मला तिथून उठवता उठवेना. अकरा दिवसांनी झेन घरी आली. तेच इंजिन, तोच नंबर, तीच आरसी. पहिले हजार किलोमीटर साठच्या वर जायचं नाही, असा उस्तादचा हुकूम आहे.

मित्र अजून चिडवतो. ‘साठ हॉर्सपॉवर, साठचा स्पीड!’ म्हणतो. म्हणू दे.

तुमच्या मनातही एखादं इंजिन घोळत असेल, तर माझ्याकडून एवढंच. आधी गाडीची आजची किंमत लिहा. त्याखाली बदलाचा पूर्ण खर्च लिहा, खानदानासकट. दुसरा आकडा पहिल्याहून मोठा असेल, तर आपण गाडी वाचवत नाही, हौस पोसतोय हे स्वतःला सांगा. मग आरटीओत जाऊन विचारा, त्यानंतर विमा कंपनीला. गॅरेज सगळ्यात शेवटी. आपण नेमकी उलटी फेरी मारतो. आणि निव्वळ वेगच हवा असेल, तर रस्त्यावर न येणारी, फक्त ट्रॅकची गाडी वेगळी करा. तिथं मजाच मजा.

आणि हो, एक राहिलंच. तीन आठवड्यांपूर्वी कूलंटची बाटली आणली असती, तर हा सगळा लेख काही शे रुपयांत मिटला असता.

काल संध्याकाळी बाबा आणि मी पुन्हा दौलताबादच्या घाटात गेलो. चालवत बाबा होते. काटा मधोमध, हललाही नाही. मागून एक नवी एसयूव्ही हॉर्न मारत भुर्रकन निघून गेली. बाबांनी शांतपणे साइड दिली आणि गिअर बदलला.

दिल? ते अजून तेराशेच मागतंय. मागू दे. आता रोज सकाळी आधी बॉनेट उघडते, मग वाळूज.